बांगड्यांच्या दुकानातून आत जाणारे दार

अल्लाहचे नाव घेऊन मी, सरवरीबी, मरहूम जैनुद्दीन इब्राहीम बेपारी यांची विधवा, वय छप्पन्न, राहणार झेंडीगेट, अहमदनगर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी शिकवले म्हणून लिहीत नाही, कोणाला भिऊनही लिहीत नाही. इंग्रजीत लिहिता आले असते. पुण्याच्या कॉन्व्हेंटात नऊ वर्षे ती भाषा माझ्याकडून घोटून घेतली होती. पण मग हा कागद ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या निम्म्यांना तो दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागला असता. दुसऱ्याने समजावून सांगितलेल्या गोष्टीचे काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून मराठीत.

वकील रंगनाथराव मुळे यांच्या मसुद्यात "मनाने व शरीराने धडधाकट असताना" असे शब्द होते. मन शाबूत आहे. शरीराचा शब्द मी खोडला आहे. माझ्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ आहे. गेल्या उन्हाळ्यात न्हाताना ती प्रथम हाताला लागली आणि आठ महिने मी ती कोणाला सांगितली नाही. ज्या बाईने या शहरात तीन वर्षे कर्करोगाच्या दवाखान्यासाठी घरोघर जाऊन बायकांना "लपवू नका" म्हणून सांगितले, तिने आठ महिने लपवले. हे मी इथे लिहून ठेवते. मागून कोणी कुजबुजण्यापेक्षा माझ्या अक्षरात असलेले बरे.

१. मला काय देता येते आणि काय नाही

माझ्या मालकीचे दोनच मोठे जिन्नस आहेत. झेंडीगेटचे राहते घर, आणि केडगाव शिवारात पुणे रस्त्यालगतचे विहिरीसह रान. रान मला मेहरमध्ये मिळाले. माझ्या नवऱ्याने लग्नात कबूल केले आणि मरण्याआधी नावावर करून दिले. असे करणारे पुरुष मी फार पाहिले नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत देवो.

शरियतप्रमाणे मृत्युपत्राने मला माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्साच मनाजोगता देता येतो. उरलेले दोन हिस्से कायद्याने वारसाचे. धडधाकट असताना मी सगळे रान हयातीतच दान करू शकले असते, एका सहीने. पण मरणाच्या दुखण्यात केलेले दानही तिसऱ्या हिश्श्यापलीकडे चालत नाही. मी थांबले, कारण दवाखान्याच्या नकाशात एक दार काढून मिळावे आणि मग सही करावी असा माझा हट्ट होता. दार मिळाले नाही, सही राहिली, आणि दुखणे आले. रंगनाथरावांनी हे समजावले तेव्हा ते चष्मा पुसत राहिले. मी म्हटले, "वकीलसाहेब, काच फुटेल."

२. वारस

मला मूल नाही. माझा वारस एकच, माझा मरहूम भाऊ कमरुद्दीन याचा मुलगा रशीद. कमरुद्दीन प्लेगच्या साथीत गेला तेव्हा रशीद सात वर्षांचा होता. तो माझ्या घरात वाढला. बशीत निवलेल्या चहाशिवाय उठायचा नाही. त्याला पहिली इंग्रजी कविता मी शिकवली, आणि ताप आला की तो तीच बरळायचा. आज तो कापडाचा मोठा व्यापारी आणि कर्करोग उपचार केंद्र समितीचा चिटणीस आहे.

घर त्याला मिळेल. माझ्या मर्जीने मिळते असे त्याने समजू नये, कायद्याने मिळते. माझी मर्जी इतकीच की स्वयंपाकघराच्या खिडकीतला मोगरा तोडू नये आणि माजघरातले लाकडी कपाट रद्दीवाल्याला देऊ नये. त्या कपाटाच्या दाराला आतून रशीदच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीने ओढलेल्या, त्याच्या सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत. त्याला त्या नको असतील तर त्याने स्वतः पुसाव्यात, नोकराकडून नव्हे.

३. शकिलाला

माझ्या धाकट्या बहिणीची, हमिदाची मुलगी शकिला वारसात बसत नाही, म्हणून तिला इथे देते. माझे शिवणयंत्र, हमिदाची माझ्याकडे राहिलेली जांभळी शाल, आणि मुंबईची वही. वहीबद्दल लिहायला हवे.

हमिदा काष्टीला दिली होती. आमचे मूळचे घराणे मनियारांचे, बांगड्या भरणाऱ्यांचे. बाहेरच्यांना ठाऊक नसते, पण मनियारीण बाईचा हात जेवढा ओळखते तेवढा तिचा नवरा ओळखत नाही. हाताची हाडे दाबून, मूठ लहान करून ती बांगडी चढवते, आणि गावातल्या प्रत्येक बाईचे माप तिला पाठ असते. काष्टीच्या मनियारणीने ईदेच्या आधी हमिदाचा डावा हात धरला आणि म्हणाली, "बी, तुला सव्वादोनाचं माप बसायचं. आता अडीच बी चढंना. मागल्या खेपंपास्नं हात सुजलाय तुझा." हमिदा म्हणाली, झोपेत दाबला गेला. मनियारीण म्हणाली, "दोन महिनं झोपूनच हायेस व्हय?" आणि हसण्यावारी नेऊन पुढच्या घरी गेली.

गाठ तेव्हा काखेपर्यंत गेली होती. हमिदाने ती दोन वर्षे घट्ट चोळीखाली दाबून ठेवली होती. कडुलिंबाचा पाला बांधला, तंबाखूचा लेप लावला, एका फकिराचा दोरा बांधला. डॉक्टर पुरुष होता म्हणून घरच्यांनी पडद्याआडून फक्त नाडी दाखवली. त्याने नाडी पाहून शक्तीचे औषध दिले. तिला मी १९४१ साली मुंबईला घेऊन गेले. तिथे रेडियमच्या सुया लावल्या. सहा आठवडे मी तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसून काढले. ती चाळिशीची होती, पण त्या दिवसांत पुन्हा आमच्या अंगणातली हमिदा झाली होती. मी इंग्रजी पुस्तक वाचत बसले की म्हणायची, "आपा, मोठ्याने वाच, मला शब्द कळत नाहीत पण तुझा आवाज कॉन्व्हेंटातून सुट्टीला आल्यासारखा येतो." ती परत आली नाही.

त्या सहा आठवड्यांत मी एक वही लिहिली. वॉर्ड कसा चालतो, काय नीट आहे, काय नाही. सुया लावलेल्या बाईला हलता येत नाही, तर तिच्या नजरेसमोर खिडकी हवी. रेडियम अंगावर असताना मूल जवळ येऊ देत नाहीत, तर मुलाला आई दिसेल अशी जाळी दूरवर हवी. नातेवाइकांना चूल हवी, नाहीतर ती जिन्यात पेटते. बायकांचा संडास पुरुषांच्या बाकांसमोरून नको. शेवटच्या पानावर मी लिहिले: मनियारणीला हात दिसला, पण तिला पुढे कुठे पाठवायचे ते ठाऊक नव्हते. गाव आणि दवाखाना यांच्यात एक दार हवे.

ती वही शकिलाची. तिला वाचता येते, आणि तिची आई तिच्यात आहे.

४. रस्त्यालगतची पट्टी

माझा तिसरा हिस्सा म्हणून मी केडगावच्या रानाची पुणे रस्त्यालगतची पट्टी, विहिरीसह, निवडते. वकीलसाहेबांनी तिची किंमत आणि माझे दागिने धरून हिशेब तिसऱ्या हिश्श्यात बसवला आहे. कोणाला शंका असल्यास त्यांना विचारावे. ती पट्टी मी का निवडली हे समजायला सल्लागारांची हकिगत लागेल.

१९४३ साली मी रान देऊ केले आणि शहरातल्या सभ्य गृहस्थांची समिती झाली. समितीने ठरवले की कर्करोगाचे उपचार केंद्र बांधायचे तर तज्ज्ञ सल्ला हवा. हे मलाही पटले. सल्ला म्हणजे ज्याने आधी पाहिले आहे त्याला विचारणे, असे मला वाटत होते. मुंबईच्या एका वास्तुसल्लागार मंडळींकडून दळवीसाहेब आले. त्यांनी आमच्याकडे शीरखुर्मा खाल्ला, माझी वही मागून नेली, आणि वर्षभराने निळ्या कापडी बांधणीचा अहवाल व नकाशांची गुंडाळी पाठवली.

अहवाल इंग्रजीत होता. मी एका बैठकीत वाचला. रेडियमच्या तिजोरीची खोली उत्तम होती. शिशाच्या पत्र्यांचे काम विचारपूर्वक होते, हे मी मान्य करते. बाकी त्यात खांबांची कमान होती, कारंजे होते, डॉक्टरांचे भोजनगृह होते. बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. चूल कुठेच नव्हती. सहाव्या पानावर "सल्लागारांची निरीक्षणे" या मथळ्याखाली माझी खिडकी होती, माझी मुलासाठीची जाळी होती, जवळजवळ माझ्याच शब्दांत. खिडकी त्यांनी घेतली. दार घेतले नाही.

मी समितीला पत्र लिहिले. माझी कल्पना साधी होती. रस्त्याला लागून बांगड्यांचे एक छोटे दुकान असावे. त्यात एक मनियारीण बसावी, जिला सुजलेला हात कळतो आणि काय विचारायचे ते कळते. दुकानाच्या मागच्या भिंतीला दार असावे आणि ते तपासणीच्या खोलीत उघडावे. वर पाटी बांगड्यांची. बाई बाजाराला आली, बांगड्या भरायला गेली, आत अर्धा तास लागला, बाहेर आली. तिच्या हातात नव्या बांगड्या आहेत. तिला कोणी काही विचारणार नाही.

समितीने उत्तर दिले की देणगीदार बाईंच्या भावनांचा योग्य वेळी विचार करण्यात येईल. पुढे कधी नकाशा बदलता येत नाही, कधी खर्च वाढतो, कधी लढाईमुळे सिमेंटचा परवाना मिळत नाही, अशी कारणे येत राहिली.

मग १९४५ च्या जानेवारीत आखणी झाली. सुप्याचा भिमाजी गवंडी आमच्या घराची कामे वीस वर्षे करतो; नकाशा बघून त्याने रानात पांढऱ्या फक्कीने सगळा दवाखाना आखला. गवंड्यांची ही रीत मला फार आवडते. कागदावरची रेघ जमिनीवर आली की माणसाला तिच्यातून चालून बघता येते. बाजाराचा दिवस होता. दळवीसाहेब मोटारीने आले होते, रशीद होता. माझ्याबरोबर घरोघर हिंडणाऱ्या नर्स रतनबाईला मी सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे ती गोजरबाईला घेऊन आली.

गोजरबाई कर्जतकडची. चाळिशीच्या आतली, दोन लग्नाच्या मुलींची आई. तिच्या डाव्या हातात बांगडी चढेना म्हणून तिच्या मनियारणीने तिला रतनबाईकडे पाठवले होते. रतनबाईने गाठ पाहिली होती. काखेतही एक होती, पण फार मोठी नव्हती. रतनबाई म्हणत होती की वेळ आहे.

भिमाजी फक्कीच्या कमानीपाशी उभा होता. "हे बघा बीबी, ह्यो दरवाजा. मोटार ह्यातनं आत जाती, डाक्टर ह्यातनं आत जातो."

"आणि बाई?"

"बाई बी ह्यातनंच. दुसरं दारच न्हाई काढल्यालं. साहेबानी दार हत्तीच्या मापाचं केलंय. हत्तीला गाठ झाली तर सोय हाय."

रतनबाई तोंडाला पदर लावून हसली. मी गोजरबाईला म्हटले, "गोजरबाई, समज की इथे भिंती आहेत. तू रस्त्यावरून आलीस. आता आत जा."

ती दोन पावले चालली आणि थांबली. तिने मागे रस्त्याकडे पाहिले. बैलगाड्या चालल्या होत्या, नगरहून परतणारी माणसे होती. मग वर पाहिले, जिथे अजून नुसते आभाळ होते.

"बीबी, ह्याच्यावर काय लिवणार?"

"नाव," भिमाजी म्हणाला.

"कशाचं?"

"दवाखान्याचं."

"अन् रोगाचं बी?"

भिमाजीने माझ्याकडे पाहिले. "व्हय. मोठ्या अक्षरात हाय. संगमरवरात."

"मंग म्या न्हाई जायाची," गोजरबाई म्हणाली. रागाने नव्हे, भाजी महाग आहे म्हणून परत ठेवावी तसे. "समदा रस्ता बघतोय. ह्या दारातनं म्या आत गेले तर माज्या पोरी कोन करंल? आईला झालं म्हंजे पोरींना बी हुतं, असंच म्हनत्यात लोक."

दळवीसाहेब समजुतीने बोलले. "बाई, विलायतेत रुग्णालयाच्या भव्य दर्शनी भागाने रोग्याला धीर येतो."

"विलायतंत पोरींची लग्नं न्हाई हुत व्हय?" गोजरबाईने विचारले.

दळवीसाहेबांनी रशीदकडे वळून इंग्रजीत म्हटले की म्हातारीला, म्हणजे मला, दवाखाना नको आहे, बाजार हवा आहे; लोकांना सवय होईल. मी इंग्रजीतच म्हटले की सवय व्हायला माणूस जिवंत असावे लागते. ते शरमले. रशीद शरमला नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "फुफी, तुम्हाला कळत कसे नाही? दवाखान्याच्या तोंडाशी बांगड्यांचे दुकान! उभ्या नगरात लोक पुन्हा आपल्याला मनियार म्हणायला लागतील. अब्बांनी, दादांनी ते पुसायला जन्म घालवला."

तेव्हा मला कळले. नकाशाचा, खर्चाचा, सिमेंटच्या परवान्याचा प्रश्न कधीच नव्हता.

गोजरबाई त्या संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीने परत गेली. रतनबाई दोनदा कर्जतला जाऊन आली. पहिल्यांदा गोजरबाईने तिला ओळख दाखवली नाही. दुसऱ्यांदा दाखवली, पण दारातून. थोरल्या मुलीचे लग्न वैशाखात झाले. गोजरबाई भाद्रपदात गेली.

तिच्या मरणाचा दोष मी कोणा एकावर ठेवत नाही. पण ती ज्या रेघेपाशी थांबली ती रेघ कोणी काढली हे मला माहीत आहे, आणि ती पुसायला कोणी नकार दिला हेही माहीत आहे.

तरी रशीदवर पूर्ण रागावणे मला जमत नाही, आणि याचे कारण लिहिणे मला जड जाते. कॉन्व्हेंटात भेटीच्या खोलीला बागेच्या बाजूने एक लहान दार होते. बुरख्यातल्या, घुंगटातल्या आयांनी समोरच्या फाटकातून यायला लाजू नये म्हणून मदरने ते उघडे ठेवले होते. त्या परदेशी बायकांना आमच्या आयांची भाषा कळत नव्हती, पण दार कळले होते. एका ईदेला आमची दादी त्या दारातून आली. अब्बांनी व्यापारात पैसा केला तरी तिने धंदा सोडला नव्हता; खेड्याखेड्यांतून बांगड्या भरत ती पुण्यापर्यंत आली होती, डोक्यावरची टोपली तशीच. तिने मला हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. माझ्याबरोबर कर्नलची मुलगी होती. तिने विचारले, ही कोण? मी म्हटले, आमच्याकडे बांगड्या विकायला येते ती बाई. दादीला इंग्रजी येत नव्हते. पण तिने माझ्या हातात बांगड्या चढवल्या नाहीत, टोपलीच्या कडेला ठेवल्या आणि म्हणाली, "घे, बेटा, तुला हव्यात त्या निवड." गिऱ्हाइकाला म्हणतात तसे.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. रशीद बेचाळीसचा आहे. एवढाच फरक मी धरते.

म्हणून: ही पट्टी विहिरीसह मी रतनबाई नर्स, शकिला आणि भिमाजी गवंडी या तिघांकडे विश्वस्त म्हणून देते. तिच्यावर आधी बांगड्यांचे दुकान आणि मागे एक तपासणीची खोली बांधावी. विहिरीचा दगड काढलेला पडून आहे. चुन्यात बांधावे, म्हणजे सिमेंटच्या परवान्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको. माझ्या चार सोन्याच्या पाटल्या विकून त्यातून काम करावे. बाजाराच्या दिवशी लेडी डॉक्टरने तिथे बसावे आणि जिला गाठ आहे तिला गुपचूप मुंबईला पाठवण्याची व्यवस्था करावी. दळवीसाहेबांची कमान नेमकी याच पट्टीवर येते. ती कमान, किंवा रोगाचे नाव असलेली कोणतीही पाटी, या पट्टीवर उभी करू देऊ नये. समितीने माझ्या नावाचा संगमरवर घडवला असल्यास तो उलटा करून विहिरीच्या पायरीला लावावा.

नकाशांची निळी गुंडाळी दळवीसाहेबांना परत पाठवावी. अहवालात इंग्रजीच्या दोन चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. त्याचे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सहावे पान मात्र मी फाडून वहीत ठेवले आहे. ते माझे आहे.

५. माझा दफनविधी

साध्या कफनात. जेवणावळ नको. जैनुद्दीनच्या शेजारी जागा आहे ती त्यांनीच धरून ठेवली होती. समितीच्या सभासदांनी शोकसभा घेऊ नये; घेतल्यास त्यांनी माझ्या "विशाल अंतःकरणा"बद्दल बोलू नये. माझे अंतःकरण विशाल नाही. मी गोजरबाईला विसरले नाही आणि कोणाला माफही केलेले नाही.

६. कलम चारमध्ये राहिलेले

वरचे सगळे लिहून झाल्यावर रतनबाई माझ्या छातीवरची मलमपट्टी बदलायला आली. तिला मी दुकानाचे कलम वाचून दाखवले. ती ऐकून म्हणाली, "बाई, रागावू नका. पण तुमच्या दुकानात तुम्ही तरी गेला असता का?"

"म्हणजे?"

"तुमच्या हातात बांगड्या कुठे आहेत?"

मी माझे हात पाहिले. जैनुद्दीन गेले त्या दिवशी बांगड्या फुटल्या, त्याला अकरा वर्षे झाली. अकरा वर्षांत कोणत्याही मनियारणीने माझा हात हातात घेतलेला नाही. विधवेच्या हाताकडे ती बघतच नाही. घरावरून पुढे जाते. माझा हात गेल्या दिवाळीपासून सुजतो आहे. मी आखलेल्या दवाखान्यात मलाच यायला निमित्त नव्हते. दळवीसाहेबांनी बायकांचा विचार केला नाही म्हणून मी त्यांना नावे ठेवली, आणि मी विधवांचा विचार केला नाही, विधवा असून.

"सूज येते तोवर बहुतेकींना उशीर झालेला असतो, हेही लिहा," रतनबाई म्हणाली. "मनियारणीने नुसता हात बघू नये. विचारावे."

म्हणून दुरुस्ती: दुकानात बांगड्यांबरोबर सुई-दोरा, मिशरी, खोबरेल तेल आणि काळी दोरी ठेवावी, म्हणजे विधवेलाही आत यायला कारण राहील. बसणाऱ्या मनियारणीने सुवासिनी आणि विधवा यांत भेद करू नये, दोघींचाही हात हातात घ्यावा, आणि छातीत काही कठीण लागते का हे प्रत्येकीला कानात विचारावे. तिला हे रतनबाईने शिकवावे. पाटी "बांगड्या व किरकोळ सामान".

ही दुरुस्ती ज्या सल्ल्यातून झाली त्याबद्दल रतनबाईला माझा चांदीचा पानडबा द्यावा. या केंद्राबाबत इतक्या वर्षांत मला मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला आहे.

७. पट्टीमागचे रान, आणि वारसाची संमती

पट्टीमागचे सगळे रानही कर्करोग उपचार केंद्रासाठी द्यावे अशी माझी इच्छा आहे. पण ते माझ्या तिसऱ्या हिश्श्याबाहेर जाते. माझ्या मरणानंतर ते रशीदचे. त्याने संमती दिली तरच ही इच्छा कायद्यात बसते, आणि वकीलसाहेब सांगतात की ही संमती मी जिवंत असताना घेऊन उपयोग नाही. वारसाने ती मी गेल्यावर, मला काही दाखवण्याची सोय उरलेली नसताना द्यायची असते. ज्यांनी हा नियम केला त्यांना माणसे चांगली कळत असावीत.

म्हणून रशीद, मी आज तुझ्याकडून काही मागत नाही. तू काल रात्री येऊन पायाशी बसलास, आणि "फुफी, तुम्ही म्हणाल तिथे सही करतो" म्हणालास. तू रडत होतास आणि मला ते खरे वाटले. पण ते माझ्यासाठी होते. मला तुझी सही माझ्यासाठी नको आहे. मी गेल्यावर चाळीस दिवस जाऊ देत. मग बाजाराच्या दिवशी केडगावला ये, एकटा, मोटार लांब ठेवून. भिमाजीला फक्की पसरायला सांग. रस्त्यावरून चालत ये आणि आत जाऊन बघ. जे वाटेल ते कर.

सही केलीस तर मागे दवाखाना होईल, खिडक्यांसकट, चुलीसकट, बायकांचा वॉर्ड तळमजल्यावर. नाही केलीस तर दुकान आणि एक खोली होईल, आणि मागे तुझी ज्वारी. मी कोणताही शाप लिहून ठेवत नाही. तुझ्या संमतीसाठी साक्षीदारांच्या सह्यांखाली जागा सोडली आहे; वाक्य मी अर्धे लिहिले आहे, पुरे करायचे ते तू.

हे मृत्युपत्र मी लिहिले, पुन्हा वाचले, साक्षीदारांना वाचून दाखवले, आणि त्यांच्या देखत खाली सही केली. यापूर्वी समितीला तोंडी दिलेली सर्व वचने याने रद्द होतात.

स्थळ: झेंडीगेट, अहमदनगर
तारीख: १७ फेब्रुवारी १९४६

(सही) सरवरीबी जैनुद्दीन बेपारी

साक्षीदार:
१. (सही) रंगनाथ केशव मुळे, वकील, अहमदनगर
२. (सही) सहादेव तुकाराम कराळे, शेतकरी, केडगाव. रानाच्या पूर्वेचा शेजारी. पट्टीच्या खुणा दाखवल्या, मान्य आहेत.

वारसाची संमती, कलम सातपुरती, फक्त मृत्यूनंतर घ्यावी:

मी, रशीद कमरुद्दीन, पट्टीमागचे रान

सही:

तारीख: